फ्रीलान्सर की एजन्सी? सॉफ्टवेअरचं काम सोपवण्याआधी मांडायचा हिशेब

नागपुरात एखाद्या व्यापाऱ्यानं "वेबसाइट आणि ॲप करायचंय" म्हणून तीन ठिकाणी विचारलं, की तीन भाव येतात. त्रिमूर्तीनगरात घरून काम करणारा फ्रीलान्सर ९०,००० सांगतो, आयटी पार्ककडची आठ-दहा जणांची एजन्सी २,५०,००० सांगते आणि पुण्याची कंपनी ७,००,०००. मग वाटतं, शेवटचा लुटतोय किंवा पहिला गंडवणार. बहुतेक वेळा दोन्ही खरं नसतं. तिघांनी तीन वेगळ्या कामांचा भाव दिलेला असतो, कारण काम काय आहे हे त्यांना कुणी नीट सांगितलेलंच नसतं. पहिल्यानं पाच पानांची वेबसाइट धरली, दुसऱ्यानं ऑर्डर घेणारं ॲप धरलं, तिसऱ्यानं त्यात टॅलीची (हिशेबाच्या सॉफ्टवेअरची) जोडणी आणि वर्षभराची देखभाल धरली.

हा प्रश्न पैशांचा दिसतो, पण निवड खरी ठरते ती दुसऱ्याच दोन गोष्टींवरून. या कामाला किती प्रकारचे हात लागतात? आणि काम करणारा माणूस उद्या फोन उचलेनासा झाला, तर तुमचं काय अडेल?

पहिली पायरी : एक पान लिहा

कोटेशन मागण्याआधी एकच पान लिहा, मराठीतच. "ॲमेझॉनसारखं पाहिजे" हे वाक्य त्यात नको. त्या वाक्याचा भाव कुणालाच काढता येत नाही.

उदाहरण म्हणून इतवारीतला किराण्याचा ठोक व्यापारी घेऊ. वर्धा, भंडारा, काटोल इथल्या दुकानदारांनी फोनवरून ऑर्डर टाकावी आणि मालाचा शिल्लक साठा टॅलीतून दिसावा, एवढंच त्याला हवं आहे. हे दोन ओळींचं काम वाटतं. पण पानावर खालचे प्रश्न लिहिले की कामाचं खरं वजन दिसतं. भाव रोज बदलतो का, आणि तो कोण बदलणार? सगळ्या दुकानदारांना एकच भाव, की गिऱ्हाइकानुसार वेगळा? उधारीची मर्यादा ओलांडली तर ऑर्डर अडवायची, की मालकाला विचारायचं? अर्धं पोतं चालतं का? ऑर्डर टाकल्यावर माल कमी भरला तर बिल कुणी दुरुस्त करायचं? परत आलेला माल कुठे नोंदवायचा?

यातला प्रत्येक प्रश्न नंतर निघाला की त्याला "एक्स्ट्रा काम" म्हणतात, आणि भांडणं तिथूनच सुरू होतात. आधी लिहिलात तर तो भावातच येतो.

टॅलीच्या जोडणीकडे जरा जवळून पाहा, कारण नागपुरातल्या बऱ्याच कामांत ती कुठे ना कुठे येतेच. टॅलीप्राइम बाहेरच्या प्रोग्रॅमशी बोलतं ते संगणकाच्या एका पोर्टमधून (माहितीच्या ये-जा करण्याच्या दारातून), साधारणपणे ९००० नंबरच्या, आणि देवाणघेवाण होते एक्सएमएल या ठरावीक लिखित स्वरूपात. त्यासाठी तो संगणक चालू लागतो, टॅली उघडं लागतं आणि योग्य कंपनी लोड केलेली लागते. मुनीमजींनी संध्याकाळी सात वाजता संगणक बंद केला, की वेबसाइटवरचा साठा सात वाजताच गोठतो. रात्री नऊला काटोलचा दुकानदार जुना साठा पाहून ऑर्डर टाकतो. म्हणून पानावर लिहा : साठा किती वेळानं ताजा व्हावा, आणि टॅली बंद असताना ॲपनं काय दाखवावं. "टॅली इंटिग्रेशन होऊन जाईल" म्हणणाऱ्याला हाच प्रश्न विचारा. ज्यानं हे काम केलंय तो लगेच संगणक चालू ठेवण्याचा विषय काढतो. ज्यानं केलं नाही तो "होऊन जाईल" हेच पुन्हा म्हणतो.

पान लिहिताना कधी कधी लक्षात येतं, की फ्रीलान्सर आणि एजन्सी, दोघांचीही गरज नाही. कोचिंग क्लासची माहिती, पत्ता, वेळापत्रक आणि फोनचं बटण एवढंच हवं असेल, तर तयार साच्यावरची वेबसाइट आणि गूगलवरचं व्यवसाय प्रोफाइल पुरतं. हजेरी, पगार, दवाखान्याच्या अपॉइंटमेंट यांसाठी महिन्याच्या भाड्यावर मिळणारं तयार सॉफ्टवेअर आधी पंधरा दिवस वापरून पाहा. ते तुमचं ८० टक्के काम करत असेल, तर उरलेल्या २० टक्क्यांसाठी नवं बांधायला काढू नका. आपली पद्धत थोडी वाकवणं स्वस्त पडतं.

दुसरी पायरी : हात मोजा

पानावरच्या कामाला कोणकोणती कसबं लागतात ती मांडा : दिसण्याची रचना, फोनवरचं ॲप, मागचा सर्व्हर आणि डेटाबेस, दुसऱ्या सॉफ्टवेअरशी जोडणी, तपासणी, सर्व्हरची राखण, मजकूर आणि फोटो.

एक-दोन कसबांचं काम असेल, उदाहरणार्थ वर्डप्रेसची साइट, चालू वेबसाइटमधली दुरुस्ती, एक्सेलमधून रिपोर्ट काढणारा प्रोग्रॅम, तर चांगला फ्रीलान्सर एजन्सीपेक्षा बहुधा सरस ठरतो. तुम्ही ज्याच्याशी बोलता तोच काम करतो, मधे कुणी नसतं, निरोप बदलत नाही. चार किंवा जास्त कसबं लागत असतील आणि ती एकाच वेळी लागत असतील, तर एका माणसाला ती सगळी सारखी येत नाहीत. त्याला येत नाही ते तो शिकत करेल किंवा टाळेल. टाळलं जातं ते नेहमी एकच : तपासणी. स्वतः लिहिलेल्या प्रोग्रॅममधली चूक स्वतःला दिसत नाही. त्यात कसबाची उणीव नाही, माणसाच्या नजरेची मर्यादा आहे. एजन्सीत निदान दुसरी नजर असण्याची शक्यता असते. ती खरंच आहे का, हे पुढे तपासायचंच.

तीन कसबांचं काम मधलं. तिथे निर्णय पुढच्या पायरीवर.

तिसरी पायरी : थांबलं तर काय?

सॉफ्टवेअर दोन दिवस बंद पडलं असं धरा आणि खरोखर काय होईल ते लिहा.

इतवारीतल्या व्यापाऱ्याकडे दिवसाला ७० ऑर्डरी येतात, त्यातल्या ४० ॲपवरून. ॲप बंद पडलं तर दुकानदार फोन करतील, एक माणूस वहीत लिहून घेईल. त्रास होईल, धंदा थांबणार नाही. इथे फ्रीलान्सर चालेल. धंतोलीतल्या रुग्णालयात नोंदणी, बिलं आणि लॅबचे रिपोर्ट एकाच सॉफ्टवेअरवर असतील, तर सकाळी दहा वाजता ते बंद पडणं म्हणजे काउंटरवर रांग आणि वॉर्डात गोंधळ. तिथे एका माणसाच्या फोनवर विसंबणं चूक आहे, तो माणूस कितीही हुशार आणि सचोटीचा असला तरी. त्याला ताप येईल, घरी लग्न निघेल, मिहानमधल्या किंवा पुण्याच्या कंपनीत नोकरी लागेल. यातलं काहीच फसवणूक नाही. पण तुमच्या रांगेला ते कारण पुरत नाही.

हंगाम असलेल्या धंद्यात आणखी एक हिशेब. संत्र्याच्या आंबिया बहाराची खरेदी दिवाळीच्या आगेमागे जोरात असते. त्यासाठीचं ॲप जानेवारीत तयार झालं तर ते वर्षभर पडून राहील. तारीख चुकली की कामाचं मोल जातं, असं असेल तर माणसं वाढवण्याची ताकद असलेल्याकडे जा, किंवा काम इतकं छोटं करा की एक माणूस ते दीड महिना आधी संपवेल. दुसरा मार्ग आम्हाला जास्त पटतो. उशीर झालेल्या कामावर ऐनवेळी नवी माणसं लावली, तर जुन्या माणसांचे पहिले दोन आठवडे त्यांना शिकवण्यातच जातात.

एजन्सीचा धोका वेगळा, आणि तो लवकर दिसत नाही. बर्डीच्या हॉटेलात चहा पाजून गोड बोलणारा माणूस विक्रीचा असतो. काम करणारा मुलगा सहा महिन्यांपूर्वी कॉलेजातून निघालेला असू शकतो, आणि त्याच्याकडे तुमच्यासारखी तीन कामं एकाच वेळी असू शकतात. काही छोट्या एजन्सी आलेलं काम बाहेरच्या फ्रीलान्सरलाच देतात. मग पैसे एजन्सीचे, आणि धोका पुन्हा एकाच माणसाचा.

चौथी पायरी : तिन्ही कोटेशनं एका कागदावर

प्रत्येकाला तेच एक पान द्या आणि भाव त्याच रकान्यांत मागा : बांधणी, सर्व्हर, एसएमएस, ॲप स्टोअरचं शुल्क, मोफत दुरुस्तीचा काळ, त्यानंतरची देखभाल, जादा कामाचा ताशी दर. मग तीन वर्षांची बेरीज करा. आकडे उदाहरणाचे आहेत, रीत पाहा.

फ्रीलान्सर : बांधणी ९०,०००. सर्व्हर महिना १,५००, म्हणजे तीन वर्षांचे ५४,०००. पहिले तीन महिने दुरुस्ती मोफत, पुढचे ३३ महिने दरमहा ३,००० प्रमाणे ९९,०००. एकूण २,४३,०००.

एजन्सी : बांधणी २,५०,०००. सर्व्हर तेवढाच, ५४,०००. पहिलं वर्ष मोफत, पुढची दोन वर्षं एएमसी (वार्षिक देखभालीचा करार) बांधणीच्या १८ टक्के, म्हणजे ४५,००० प्रमाणे ९०,०००. एकूण ३,९४,०००.

फरक १,५१,०००. छत्तीस महिन्यांनी भागला तर महिन्याला साधारण ४,२००. सुरुवातीला तो १,६०,०००चा दिसत होता. आता प्रश्न सरळ झाला : मागे दुसरा माणूस उभा असण्यासाठी महिना ४,२०० रुपये द्यायची माझ्या धंद्याला गरज आहे का? किराणा व्यापारी कदाचित नाही म्हणेल, रुग्णालय लगेच हो म्हणेल.

या बेरजेत जीएसटी नीट धरा. एजन्सी १८ टक्के लावेल. ज्याची वार्षिक सेवा-उलाढाल २० लाखांच्या आत आहे तो फ्रीलान्सर बहुधा नोंदणीकृत नसतो, म्हणून लावत नाही. तुम्ही स्वतः नियमित जीएसटी भरत असाल तर एजन्सीला दिलेला कर इनपुट क्रेडिटनं, म्हणजे तुम्ही भरायच्या करातून वजा होऊन, परत मिळतो, तेव्हा जीएसटीविना आकड्यांची तुलना करा. कंपोझिशन योजनेत (छोट्या धंद्यांनी उलाढालीवर ठोक दरानं कर भरायच्या) असाल, किंवा रुग्णालयासारखी करमुक्त सेवा देत असाल, तर क्रेडिट मिळत नाही. तेव्हा तो १८ टक्के तुमचा खर्चच आहे.

टीडीएस, म्हणजे पैसे देतानाच कापून सरकारकडे भरायचा कर, हाही विसरला जातो. कंपनी किंवा भागीदारी असेल, किंवा मालकीच्या धंद्याची मागच्या वर्षाची उलाढाल १ कोटीच्या वर असेल, तर एकाला वर्षात दिलेली रक्कम ५०,०००च्या पुढे गेली की टीडीएस कापावा लागतो. व्यावसायिक सेवेला १० टक्के, तांत्रिक सेवेला २ टक्के. तुमचं काम कशात बसतं हे सीएकडून आधीच ठरवून घ्या आणि समोरच्याला करारातच सांगा. फ्रीलान्सरला पहिल्या हप्त्यात १० टक्के कमी मिळाले आणि कारण माहीत नसलं, की विश्वासाला पहिला तडा तिथे जातो. त्यानं पॅन दिलं नाही तर २० टक्के कापावे लागतात, म्हणून पॅन आधी घ्या. आणि समोरचा उद्यम नोंदणीकृत सूक्ष्म किंवा लघु उद्योग असेल (फ्रीलान्सरही असू शकतो), तर लेखी करार असल्यास फार तर ४५ दिवसांत आणि नसल्यास १५ दिवसांत पैसे द्यावे लागतात. उशीर झाला तर ज्या वर्षी पैसे प्रत्यक्ष द्याल त्याच वर्षी तो खर्च आयकरात धरला जातो.

पाचवी पायरी : माणूस पारखणं

फ्रीलान्सरकडून चालू असलेली दोन कामं मागा आणि ती स्वतःच्या फोनवर, मोबाइल डेटावर उघडा. त्याच्या लॅपटॉपवर पाहू नका. मग वर्षाहून जुन्या गिऱ्हाइकाचा नंबर मागा. नवं गिऱ्हाईक नेहमी खूश असतं. जुन्याला एकच गोष्ट विचारा : "शेवटचं बिघडलं तेव्हा किती वेळात दुरुस्त झालं, आणि तुम्हाला किती फोन करावे लागले?"

एजन्सीकडे गेलात तर विक्रीवाल्याचं ऐकून घ्या, पण काम करणाऱ्या दोघांना भेटायचा आग्रह धरा. त्यांच्याकडे आत्ता किती कामं आहेत, ते पगारावर आहेत की बाहेरचे, हे त्यांच्यासमोर विचारा. भेट त्यांच्या कार्यालयात घ्या. आठ-दहा जणांची म्हणवणाऱ्या एजन्सीत आठ-दहा जण बसलेले दिसले पाहिजेत, किंवा घरून काम करतात तर तसं त्यांनी उघड सांगितलं पाहिजे.

दोघांसाठीही सगळ्यात खात्रीची परीक्षा म्हणजे दोन-तीन दिवसांचं छोटं काम, पैसे देऊन. फुकट नमुना मागू नका. चांगला माणूस फुकट काम करत नाही, आणि फुकट करणाऱ्यावरून काही कळत नाही. पाच-आठ हजारांत एक पडदा किंवा एक रिपोर्ट करून घ्या. तो मराठीत घ्या, म्हणजे एक खास गोष्ट उघडी पडेल.

त्याला एक बिल पीडीएफमध्ये छापायला सांगा, त्यात ही नावं : किरण, ज्ञानेश्वर, कीर्ती, त्र्यंबक, वऱ्हाड. देवनागरीत "कि" साठवताना आधी क आणि मग वेलांटी साठवली जाते, पण छापताना वेलांटी आधी काढावी लागते. पीडीएफ बनवणाऱ्या अनेक लायब्रऱ्यांना (प्रोग्रॅममध्ये जोडायच्या तयार तुकड्यांना) हे जमत नाही. मग "किरण"चं "करिण" होतं, जोडाक्षरं पायमोडकी उभी राहतात आणि वऱ्हाडातला अर्धा र हरवतो. पडद्यावर सगळं ठीक दिसतं, कारण ब्राउझर ती मांडणी स्वतः करतो. छापल्यावरच चूक दिसते. मराठीत काम केलेला माणूस हे ऐकल्याबरोबर हसतो आणि फॉन्टचा, लायब्ररीचा किंवा ब्राउझरकडूनच पीडीएफ काढून घेण्याचा उपाय सांगतो. तसंच जुना डेटा श्रीलिपी किंवा कृतिदेवसारख्या फॉन्टमध्ये असेल, तर तो युनिकोडमध्ये, म्हणजे सगळीकडे चालणाऱ्या अक्षरपद्धतीत, आणणं हे वेगळं काम आहे, त्याचा वेगळा भाव मागा. रूपांतर झाल्यावर निदान २०० नावं डोळ्यांनी तपासा. मायएसक्यूएल डेटाबेस असेल तर रकाने यूटीएफ८एमबी४मध्ये (देवनागरीसकट सगळी अक्षरं मावणाऱ्या साठवणपद्धतीत) ठेवायला सांगा, नाहीतर एखाद्या दिवशी नावांच्या जागी नुसती प्रश्नचिन्हं उरतात.

सहावी पायरी : करार

करारातलं सगळ्यात महत्त्वाचं आणि सगळ्यात दुर्लक्षित कलम मालकीचं. कॉपीराइट कायदा, १९५७ प्रमाणे संगणक प्रोग्रॅम ही साहित्यकृती धरली जाते. पगारी नोकरानं नोकरीत लिहिलेल्या प्रोग्रॅमचा पहिला मालक नोकरी देणाराच असतो, पण बाहेरच्या माणसाला पैसे देऊन लिहून घेतलेल्याचा मालक लिहिणारा राहतो. तो हक्क तुमच्याकडे यायचा तर लेखी आणि सही केलेलं हस्तांतरण लागतं. नुसतं "कॉपीराइट तुमचा" लिहूनही पुरत नाही. मुदत लिहिली नसेल तर कायदा ती पाच वर्षं धरतो, प्रदेश लिहिला नसेल तर फक्त भारत धरतो, आणि मिळालेला हक्क वर्षभर वापरला नाही तर तो परत जाऊ शकतो, तसं करारात वेगळं म्हटलं नसेल तर. म्हणून वाक्य पुरं लिहा : सर्व हक्क, कॉपीराइटच्या पूर्ण मुदतीसाठी, जगभर, आणि एक वर्षात न वापरल्यानं हे हक्क संपणार नाहीत. हे फ्रीलान्सरलाही लागू आणि एजन्सीलाही. एजन्सीकडून आणखी एक ओळ घ्या, की बाहेरच्या कुणाकडून काम करून घेतलं असेल तर त्याचे हक्क एजन्सीनं आधी स्वतःकडे लेखी घेतले आहेत.

हप्ते असे बांधा : सुरुवातीला २० टक्के, पडद्यांची रचना मंजूर झाल्यावर २०, चाचणी सर्व्हरवर पहिल्यांदा चालल्यावर २५, प्रत्यक्ष सुरू झाल्यावर २५, आणि शेवटचे १० सुरू होऊन महिना झाल्यावर, सगळ्या किल्ल्या (डोमेन, सर्व्हर, प्रोग्रॅम यांची खाती) हातात आल्यावर. अर्धे पैसे आधी मागणारा वाईटच असतो असं नाही, पण मग दुसरा अर्धा भाग दोन टप्प्यांत विभागून घ्या. प्रत्येक हप्त्यापुढे दिसणारी गोष्ट लिहा. "७० टक्के काम पूर्ण" असं लिहिलं तर ते ७० टक्के कुणी मोजायचे? "दुकानदार लॉगिन करून ऑर्डर टाकतो आणि ती मालकाच्या पडद्यावर दिसते" असं लिहिलं की वाद उरत नाही.

बाकीची कलमं थोडक्यात. चूक म्हणजे लिहिल्याप्रमाणे न चालणं, ती ९० दिवस मोफत दुरुस्त. बदल म्हणजे जे लिहिलंच नव्हतं, त्याला ताशी दर आणि कामाआधी लेखी होकार, व्हॉट्सॲपवरचा चालेल. तातडीच्या बिघाडाला किती तासांत उत्तर. एजन्सी पुण्याची किंवा बेंगळुरूची असेल तर न्यायक्षेत्र नागपूर लिहून घ्या, कारण त्यांच्या छापील करारात त्यांचं शहर असतं आणि दोन लाखांच्या वादासाठी तिकडे हेलपाटे कुणी घालत नाही.

गिऱ्हाइकांचे फोन नंबर, पत्ते, रुग्णांची माहिती हाताळली जाणार असेल तर त्याचंही कलम हवं. वैयक्तिक डेटा संरक्षणाचा कायदा २०२३चा, त्याचे नियम नोव्हेंबर २०२५मध्ये आले आणि जबाबदाऱ्या टप्प्याटप्प्यानं लागू होत आहेत. माहिती तुमच्या वतीनं दुसरा कुणी हाताळत असला तरी कायद्यासमोर उत्तर तुम्हालाच द्यायचं आहे, आणि सुरक्षेत कसूर झाल्यास दंड २५० कोटींपर्यंत जाऊ शकतो. म्हणून लिहा : खरा डेटा कुणाच्या खासगी लॅपटॉपवर जाणार नाही, चाचणी खोट्या नावांवर होईल, काम संपल्यावर प्रती पुसल्या जातील.

सातवी पायरी : किल्ल्या तुमच्या नावावर

निवड चुकली तरी सावरता येतं. किल्ल्या दुसऱ्याच्या हातात राहिल्या तर सावरणं अवघड होतं. घर बांधणाऱ्या ठेकेदाराच्या नावावर आपण प्लॉट करत नाही, इथे मात्र लोक सर्रास तसं करतात. त्यामागे कपट नसतं, "तुम्हाला कशाला त्रास" अशा चांगुलपणातूनच हे होतं.

आधी धंद्याच्या नावाचा एक स्वतंत्र ईमेल काढा, मालकाच्या फोनवर दुहेरी पडताळणी लावा. त्या ईमेलवरून पुढचं सगळं स्वतः उघडा आणि काम करणाऱ्याला आत प्रवेश द्या.

डोमेन, म्हणजे वेबसाइटचं नाव-पत्ता, तुमच्या नावावर, तुमच्या कार्डानं. नोंदणीतलं मालकाचं नाव उघडून पाहा. बिल तुमच्या नावाचं आहे म्हणून डोमेनही तुमचं आहे असं होत नाही. सर्व्हरचं खातं तुमचं. प्रोग्रॅम गिटहबसारख्या, प्रोग्रॅम ऑनलाइन साठवायच्या ठिकाणी तुमच्या खात्यात, आणि रोजचं काम तिथेच चढलं पाहिजे. शेवटच्या दिवशी झिप फाइल नको. झिपमध्ये काय राहिलं हे कळायला तीन महिने लागतात.

गूगल प्लेचं खातं एकदाच २५ डॉलरचं, ॲपलचं दर वर्षी ९९ डॉलरचं. इथे वेळ लागतो, म्हणून करार झाल्याच्या आठवड्यातच सुरुवात करा. १३ नोव्हेंबर २०२३ नंतर काढलेल्या गूगल प्लेच्या वैयक्तिक खात्याला ॲप सर्वांसाठी खुलं करण्याआधी निदान १२ जणांकडून सलग १४ दिवस बंद चाचणी करून घ्यावी लागते. संस्थेच्या खात्याला ही अट नाही, पण त्याला डन अँड ब्रॅडस्ट्रीट या कंपनीचा, व्यवसायाची ओळख पटवणारा डी-यू-एन-एस क्रमांक लागतो आणि तो यायला वेळ जातो. या कटकटीमुळेच "आमच्या खात्यावरून टाकतो" असा प्रस्ताव येतो. नंतर ॲप दुसऱ्या खात्यात नेता येतं, पण त्यांच्या सहकार्यानंच.

एसएमएसच्या ओटीपीसाठी डीएलटी नोंदणी (धंद्याचे एसएमएस पाठवण्यासाठी टेलिकॉम कंपन्यांकडे करायची) तुमच्या धंद्याच्या नावानं, तुमच्या पॅनवर. संदेशाचा मजकूरही आधी मंजूर करून घ्यावा लागतो. मंजूर साच्यात आणि पाठवलेल्या संदेशात एका शब्दाचा फरक पडला तरी संदेश अडतो. सुरू करायच्या आदल्या दिवशी "ओटीपी येत नाही" ही तक्रार आली, तर बहुतेक वेळा कारण हेच असतं. प्रोग्रॅम ठीक असतो. ऑनलाइन पैसे घेणारा पेमेंट गेटवेही तुमच्या चालू खात्याशी जोडलेलाच हवा. त्यासाठी वेबसाइटवर परतावा धोरण, अटी, गोपनीयता धोरण आणि संपर्क ही पानं असल्याशिवाय मंजुरी मिळत नाही, तेव्हा तो मजकूर आधी तयार ठेवा.

आठवी पायरी : काम चालू असताना

आठवड्यातून एकदा, ठरलेल्या वारी, चालू गोष्ट फोनवर पाहायची. अहवाल नको, चित्रं नकोत. दोन आठवडे लागोपाठ दाखवण्यासारखं काही नसेल, तर तेव्हाच बसून बोला. तिसऱ्या महिन्यात बोलून उपयोग नाही. चुका व्हॉट्सॲपच्या ग्रुपवर टाकू नका, त्या वाहून जातात. एका शीटमध्ये लिहा : तारीख, कोणत्या फोनवर, काय केलं, काय झालं, काय व्हायला हवं होतं. आणि तुमच्याकडून निर्णय देणारा माणूस एकच ठेवा. मोठा भाऊ एक सांगतो आणि मुलगा दुसरं, अशा घरच्या धंद्यात चांगला फ्रीलान्सरही रखडतो, आणि एजन्सी प्रत्येक बदलाचं बिल लावते. तुमच्या बाजूनं होणारा उशीरही मोजा. फोटो, भावयादी, गिऱ्हाइकांची यादी वेळेत न मिळाल्यानं अडलेली कामं कमी नाहीत.

मधला मार्गही आहे. बांधणी एजन्सीकडून आणि दोन वर्षांनी देखभाल फ्रीलान्सरकडे. किंवा बांधणी फ्रीलान्सरकडे आणि दर महिन्याला चार तास दुसऱ्या अनुभवी माणसाकडून प्रोग्रॅम तपासून घेणं. तीन कसबांच्या कामात हा दुसरा मार्ग बहुतेकांना परवडतो. तपासणाऱ्याला प्रोग्रॅमची ओळख असते, त्यामुळे पहिला गेला तर तो उभा राहू शकतो. दोघांनाही हे आधी सांगा, चोरून तपासणी करू नका.

आधीच कुणाशी बिनसलं असेल तर क्रम पाळा. पहिल्यांदा डेटाबेसचा आणि प्रोग्रॅमचा बॅकअप मागून घ्या आणि तो उघडतोय का ते पाहा. मग डोमेन, सर्व्हर आणि स्टोअर कुणाच्या नावावर आहे ते तपासा. झालेल्या कामाचे पैसे चुकते करा, कारण थकबाकी असताना कुणी किल्ल्या देत नाही, आणि त्यात त्याचं चुकतंही नाही. नवा माणूस त्यानंतर. नव्यानं "सगळं पुन्हा लिहावं लागेल" असं म्हणण्याआधी त्याला जुना प्रोग्रॅम आठवडाभर पैसे घेऊन वाचायला लावा.

सोपवणीच्या दिवशी रिकामा लॅपटॉप घेऊन बसा, ज्यावर या कामाचं काहीही नाही. गिटहबवरून प्रोग्रॅम उतरवायचा, सोबतच्या सूचना एकेक वाचत चालवायचा, काल रात्रीचा बॅकअप त्यात भरायचा आणि वर्ध्याच्या एका दुकानदाराच्या नावानं खोटी ऑर्डर टाकून बिल छापायचं. काम करणाऱ्यानं शेजारी बसायचं, पण कीबोर्डला हात लावायचा नाही. जिथे त्याला तोंडी सांगावं लागेल ती ओळ सूचनांमध्ये तिथल्या तिथे भरून घ्या. याला अर्धा दिवस लागतो. बिल नीट छापून आलं की शेवटचे १० टक्के त्याच दिवशी देऊन टाका.